खालून कापलेल्या चार ओळी

२००९ च्या डिसेंबरमध्ये नागपुरात माझ्या नवऱ्याच्या मित्राची आई वारली. वय बहात्तर. न्यूमोनिया झाला होता. पाच दिवस रुग्णालयात होत्या. एकुलता एक मुलगा त्या वेळी कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतात होता. तो त्या गेल्याच्या तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नागपूरला पोहोचला, तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. अग्नी पुतण्याने दिला. आईची आणि मुलाची शेवटची भेट २००७ च्या ऑक्टोबरमध्ये हीथ्रो विमानतळावर झाली होती.

त्यांना मी काकू म्हणत असे. त्या दोन वर्षांत काकू मुलाकडे गेल्या नाहीत, आणि त्याचे एक कारण मी लिहिलेले पत्रक आहे. ते कसे लिहिले गेले ते येथे नोंदवते.

मी पुण्याच्या एका दैनिकात नऊ वर्षे उपसंपादक होते. २००४ मध्ये नवऱ्याला ब्रॅकनेलला नोकरी लागली आणि आम्ही पिनरला राहायला आलो. हा मित्र त्याच कार्यालयात कंत्राटावर होता आणि आमच्या मागच्या गल्लीत राहत होता. दोघे सकाळी साडेसहाला एका गाडीतून निघत. ब्रॅकनेलला राहिले असते तर त्यांचा रोजचा दोन तासांचा प्रवास वाचला असता, पण मित्राची बायको आणि मी, दोघींनीही पिनर सोडायला नकार दिला होता. तिची मुलगी इथल्या शाळेत रुळली होती. मला मराठी बोलायला माणसे हवी होती.

२००६ च्या नोव्हेंबरमध्ये कुशल परदेशी कामगारांच्या व्हिसाचे नियम बदलले. नवे निकष आधीच येऊन राहिलेल्यांनाही लागू झाले. वय, पगार आणि पदवी यांचे गुण धरले जात. मित्र तेव्हा एकोणचाळीस वर्षांचा होता. वयाचे गुण त्याला मिळत नव्हते. दोन कंत्राटांच्या मध्ये त्याचे चार महिने रिकामे गेले होते, त्यामुळे पगाराचे गुणही कमी पडले. मुदत संपली की देश सोडावा लागणार होता. नागपूरला परत जाण्याचा विषय त्याच्या घरी तीन-चार वेळा निघाला आणि मागे पडला. मग कोणीतरी सास्काचेवानचे नाव काढले. त्या प्रांताला माणसे हवी होती. २००७ च्या मार्चमध्ये त्याने अर्ज केला.

काकू मे महिन्यात आल्या. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिने राहता येत असे. त्यांनी नागपूरच्या एका मराठी शाळेत तेहतीस वर्षे भूगोल शिकवला होता. नवरा जाऊन अकरा वर्षे झाली होती. दोन्ही गुडघे गेले होते. नागपूर-मुंबई, मुंबई-लंडन असा प्रवास त्यांनी चाकाच्या खुर्चीतून केला आणि आल्या आल्या जाहीर केले, "असा प्रवास आता आयुष्यात एकदाच. परतीचा धरायचा नाही."

मुलगा कुठे चालला आहे हे त्यांना बाकी कोणापेक्षा जास्त माहीत होते. प्रेअरी, स्टेप, पंपास, व्हेल्ड, डाउन्स, ही यादी त्यांनी तेहतीस वर्षे मुलांकडून पाठ करून घेतली होती. पाहिले त्यांतले एकही नव्हते.

"लंडनचं काय पाहायचं," त्या मला म्हणाल्या. "राणीचा वाडा टीव्हीवर दिसते. मला तो गवताळ प्रदेश पाहायचा आहे. फळ्यावर किती वेळा काढला मी तो."

ऑगस्टमध्ये आमच्या मराठी मंडळाच्या बैठकीत मित्रासारखीच तिकडे जाऊ पाहणारी आणखी काही कुटुंबे निघाली. कोणी एजवेअरचे, कोणी हॅरोचे. तरुण मंडळी संगणकावर सगळे इंग्रजीत वाचत होती. प्रश्न विचारत होते ते भारतातून आलेले आई-वडील. तिकडे दवाखाना आहे का? नातवंडांची शाळा? भाजी काय मिळते? मंडळाच्या सचिवांनी माझ्याकडे बोट दाखवले. "तुम्ही पेपरात होता ना? एका कागदाचं माहितीपत्रक लिहा. दिवाळीच्या कार्यक्रमात वाटू."

मी होकार दिला. प्रांताने नव्याने येणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केलेली माहिती उतरवून घेतली, ग्रंथालयातून दोन पुस्तके आणली, तिथे राहणाऱ्या एका मराठी बाईंशी फोनवर बोलले. जे दोन ठिकाणी जुळले तेवढेच लिहिले.

सप्टेंबरभर दुपारी मी मित्राच्या घरी बसून लिहीत असे. काकू शेंगा सोलत किंवा मटार निवडत समोर बसत.

"काय लिहून राहिली, संपादक?"

"हवामान, काकू."

"वाच."

मी वाचले: "हिवाळा नोव्हेंबरपासून मार्चअखेरपर्यंत असतो. जानेवारीत तापमान उणे तीसपर्यंत, काही दिवस उणे चाळीसपर्यंत उतरते."

"बापा! आणि आम्ही शिकवलं, समशीतोष्ण गवताळ प्रदेश. ज्यानं हे नाव ठेवलं तो मे महिन्यात जाऊन आला असेल." मटार बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "गव्हाचं कोठार लिहिलं का? कोठार शब्द नसला तर मी मार्क देत नव्हते."

"लिहिलं आहे. आता तिथे मसूरही पिकते. भारतात पाठवतात."

"म्हणजे नागपूरला मी खाते ती मसूर तिकडची?"

"असू शकेल."

"असू शकेल म्हणे. पेपरात असंच छापत होत्या का तुम्ही?"

"नाही. म्हणून तर तेवढं लिहिलं नाही."

नात शाळेतून येऊन मध्ये बसे. ती तेव्हा सहा वर्षांची होती. "आजी, तू पण येणार ना तिकडे? तुझा रूम मी पिंक करणार."

"पिंक नको. मला शोभेल असा कर."

"मग ग्रे?"

"ग्रे तर मी आहेच. भिंती कशाला?"

सून स्वयंपाकघरातून हसली. हे सगळे घडत असताना काकू आपल्या जाण्याविषयी 'जर' म्हणत नसत. 'गेल्यावर' म्हणत.

मसुदा सप्टेंबरच्या शेवटी पूर्ण झाला. मी तो आधी काकूंपुढे धरला. त्यांनी हात लावला नाही. "कच्ची उत्तरपत्रिका तपासत नाही मी. छापली की नागपूरला पाठव." त्यांचे विमान चार दिवसांनी होते.

त्याच संध्याकाळी मित्राने मसुदा वाचला. उभ्यानेच वाचायला लागला, शेवटच्या परिच्छेदाशी आला आणि सोफ्यावर बसला. तो परिच्छेद आई-वडिलांविषयी होता. आई आत देवाजवळ दिवा लावत होती.

"हे बरोबर आहे?" त्याने हळू आवाजात विचारले.

"तीन ठिकाणी तपासलं आहे."

"मलाही माहीत होतं. पण तिला सांगायला जमत नव्हतं. 'काही वर्षं' हे तोंडातून निघतच नाही. तू लिहिलंस ते बरं झालं. ती वाचेल."

"तूच सांग ना. चार दिवस आहेत."

"छापलेलं असलं की तिला पटतं. मास्तरीण आहे."

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात काकू परत गेल्या. विमानतळावर मी गेले नव्हते.

पत्रकाचे पान मी दिवाळीच्या दहा दिवस आधी लावले. एक कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला, तीन घड्यांचा. सचिवांनी ऐनवेळी मंडळाचे चिन्ह आणि दिवाळीच्या शुभेच्छा वर टाकायला सांगितल्या. त्यामुळे मजकूर चार ओळींनी जास्त झाला. अक्षर लहान करता येत नव्हते. वाचणारे साठीच्या पुढचे होते.

वर्तमानपत्रात बातमी खालून कापतात. महत्त्वाचे वर असते, त्याहून कमी महत्त्वाचे खाली. जागा कमी पडली की शेवटचे उडवायचे, बातमी उभी राहते. नऊ वर्षे मी हे रोज केले होते. प्रांताच्या माहितीत आई-वडिलांचा विषय सर्वांत शेवटी होता, म्हणून माझ्या मसुद्यातही तो शेवटी होता. त्या परिच्छेदातले पहिले वाक्य राहिले: "कायमचे रहिवासी झाल्यावर आई-वडिलांना आपल्याकडे राहायला बोलावण्यासाठी अर्ज करता येतो." पुढच्या चार ओळी गेल्या. त्या अशा होत्या: "मात्र त्यासाठी मुलाचे ठरावीक उत्पन्न दाखवावे लागते, आणि अर्ज निकाली निघायला काही वर्षे लागतात. नक्की काळ सांगता येत नाही. तोपर्यंत आई-वडिलांनी पाहुण्यांच्या व्हिसावर जाऊन भेटून यावे. त्याने मूळ अर्जाला बाधा येत नाही."

कापायला दोन मिनिटेही लागली नसतील. मित्राला कळवले नाही. पानातून काय गेले हे बातमीदाराला कळवण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती; तो सकाळी पेपरातच पाहत असे.

मित्राने छापील पत्रक पाहिले नाही. त्याने मसुदा वाचला होता.

दिवाळीचा कार्यक्रम हॅरोच्या एका शाळेच्या सभागृहात झाला. पत्रके फराळाच्या टेबलाशेजारी ठेवली होती. तरुणांनी ती घेतली नाहीत. आई-वडिलांनी घेतली, चष्मे लावून तिथेच वाचायला लागले. एक आजोबा बायकोला मोठ्याने वाचून दाखवत होते, "हिवाळ्यात रात्री गाडी विजेच्या तारेने घराला जोडून ठेवावी लागते."

"का? पळून जाते?"

"इंजिन गोठतं म्हणे."

"आपल्याकडे गाय बांधायचे, यांच्याकडे गाडी."

हे पत्रक मुलांनी नव्हे, आई-वडिलांनी वाचायचे होते, हे मला त्या संध्याकाळी समोर दिसत होते. तरी कापलेल्या ओळी आठवल्या नाहीत.

एक प्रत मी टपालाने नागपूरला पाठवली. नोव्हेंबरच्या शेवटी काकूंचा फोन आला.

"मिळालं गं. शुद्धलेखनाच्या दोन चुका आहेत, त्या मी माफ केल्या. कोठार आहे, बरं वाटलं."

"बाकी?"

"बाकी चांगलं आहे. शेवटी लिहिलंस ते पक्कं आहे ना? आई-वडिलांना बोलावता येतं?"

"पक्कं आहे, काकू. सरकारी माहिती आहे."

"बस. मग झालं."

किती दिवस लागतात, हे त्यांनी विचारले नाही. त्यांच्या हातातल्या कागदावर त्याविषयी काही नव्हते.

मित्र, त्याची बायको आणि मुलगी २००८ च्या एप्रिलमध्ये सास्काटूनला गेले. मधे नागपूरला जाऊन येण्याचा त्याचा विचार होता, पण कागदपत्रे उशिरा आली आणि घर रिकामे करायची तारीख ठरलेली होती. त्याच महिन्यात इथल्या न्यायालयाने व्हिसाचे नवे नियम आधीपासून राहणाऱ्यांना लावणे बेकायदा ठरवले. ती बातमी मी नवऱ्याला वाचून दाखवली. मित्राला कोणी कळवले ते मला माहीत नाही. पुढे त्याला ती माहीत होती.

तिथून त्याची बायको दर रविवारी फोन करी. पत्रकात जे होते ते बहुतेक खरे निघाले. शाळेची पिवळी बस दारात येई. फार थंडी असली की मुलांना मधल्या सुट्टीत वर्गातच बसवत. रस्ते पट्टीने आखल्यासारखे, एकाला एक काटकोनात. घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे लंडनशी फोनची वेळ वर्षातून दोनदा चुके. घराच्या खाली तळघर होते. त्यात धुलाईयंत्र, आणि एक खोली रिकामी.

पत्रकात नसलेलेही ती सांगे. "अगं, इथे झाडच नाही मधे. खिडकीतून बघितलं की नजर जाऊन परत येत नाही. पिनरला समोरच्यांचा पडदा तरी दिसायचा." पहिल्या हिवाळ्यात तिने दोनदा फोनवर रडून घेतले आणि दोन्ही वेळा म्हणाली, सर्दी आहे. तिच्या नवऱ्याला नोकरी सहा महिन्यांनी लागली, संगणकाची पण कमी पगाराची. मुलगी इंग्रजी आता तिथल्यासारखे बोलू लागली होती. आजीसाठी तळघरातली खोली तिने खरोखरच करड्या रंगाची करून घेतली.

२००८ च्या उन्हाळ्यात मित्राने आईला पाहुण्यांच्या व्हिसाचा अर्ज पाठवला. त्यांनी भरला नाही. २००९ च्या मे महिन्यात पुन्हा पाठवला. जूनमध्ये काकूंचा मला फोन आला.

"तो म्हणते, तीन महिने फिरून जा. काहून? फिरून जायला मी काय सहल आहे? मला राहायला बोलवायचा मोठा अर्ज चालूच आहे ना त्याचा. माझे गुडघे एकदाच नेतील मला. मी राहायलाच येईन. नाही का?"

"गुडघ्यांचं तुम्हालाच माहीत, काकू."

"तो इकडे येतो म्हणत होता दिवाळीत. मी म्हटलं, नवी नोकरी आहे, रजा कशाला घालवतो? मीच येऊन राहिली की."

माझ्याकडे तेव्हा मूळ मसुदा होता. संगणकात, वेगळ्या नावाने. मी तो उघडला नाही. त्यांना एव्हाना मुलाकडून सगळे कळले आहे आणि तरी त्या थांबायला तयार आहेत, असा माझा समज होता. पत्रकातून कळले आहे, असा मुलाचा. आई "अर्ज कुठवर आला?" विचारे, तो "चालू आहे" म्हणे. उत्पन्नाचा पुरावा पुरेसा व्हायला वर्ष लागले. मोठा अर्ज प्रत्यक्षात २००९ च्या ऑक्टोबरमध्ये पाठवला गेला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंना ताप आला. तिसऱ्या दिवशी पुतण्याने रुग्णालयात नेले. रुग्णालयातल्या चौथ्या दिवशी मित्राला कळवले तेव्हा त्याने त्याच दिवशीचे तिकीट शोधले. हिमवादळामुळे सास्काटूनचे विमान उडाले नाही. दुसऱ्या दिवशीचे टोरांटोपर्यंत गेले आणि पुढचे चुकले. तो टोरांटोत असताना आई गेल्याचा पुतण्याचा फोन आला. अंत्यविधीसाठी थांबू का, असे पुतण्याने विचारले. मित्र म्हणाला, थांबू नका.

अकराव्या दिवशी त्याने नागपूरहून मला फोन केला. नवऱ्याला नाही, मला.

"आईच्या टेबलावर तुझं पत्रक आहे. काचेखाली ठेवलंय."

"हो."

"मी आज पहिल्यांदा छापलेलं बघतोय. शेवटचा परिच्छेद एका ओळीचाच आहे."

"हो."

"बाकीचं कुठे गेलं?"

"जागा नव्हती. मी कापलं."

मागे भांड्यांचा आवाज येत होता आणि कोणीतरी पानं वाढायला घ्या म्हणत होते.

"म्हणजे तिला माहीतच नव्हतं," तो म्हणाला.

"नव्हतं."

"व्हिसाचे दोन्ही फॉर्म इथेच आहेत, कोरे. मला वाटत होतं, हट्ट करतेय. मी चिडलो पण होतो एकदा तिच्यावर. म्हटलं, तुला यायचंच नाही." मग म्हणाला, "मी तोंडानं सांगायला हवं होतं."

"मी तुला कळवायला हवं होतं."

"हो," तो म्हणाला. "हवं होतं."

मग त्याला आतून हाक आली आणि त्याने फोन ठेवला.

त्या रात्री मी मसुदा उघडून मूळ परिच्छेद वाचला. त्यात एकही चूक नव्हती. मंडळाच्या सचिवांना फोन करून पत्रकाच्या शिल्लक प्रती मागितल्या. चौदा होत्या. त्यांवर कापलेल्या ओळींची चिठ्ठी चिकटवली आणि पत्रक नेलेल्या ज्या घरांचे पत्ते मिळाले तिथे एकेक पाठवली. दोन घरांतून फोन आले. दोघांनीही आपल्याला आधीच माहीत असल्याचे सांगितले.

मित्र जानेवारीत परत गेला. काकूंच्या अर्जाची पोच त्याला २०१० च्या फेब्रुवारीत मिळाली. अर्ज दाखल झाला आहे, छाननीला वेळ लागेल, त्याविषयी चौकशी करू नये, असे त्यात होते. मार्चमध्ये त्याने मृत्यूचा दाखला जोडून अर्ज मागे घेत असल्याचे कळवले. त्याची पोच मे महिन्यात आली.